रुपयाएवढा डाग

मोटारीच्या पत्र्यावर उमटलेला रुपयाएवढा गंजाचा डाग घरच्या घरी काढणे हे काम, हवा कोरडी आणि हात रिकामे असतील तर, एका सुट्टीच्या दिवसात उरकण्याजोगे आहे. परंतु नवापूर शहरातील मोटारमालकांच्या वर्तनाचा जो काही अभ्यास आजवर ओट्यांवर, पारावर आणि गॅरेजच्या बाकांवर बसून झालेला आहे, त्यावरून असे दिसते की हे काम एका पावसाळ्याच्या शेवटी सुरू होते आणि दुसरा पावसाळा लागल्यामुळे थांबते. या विलंबाचे कारण आळस हे नव्हे, कारण आळशी मनुष्य डागाकडे पाहतच नाही आणि सुखी राहतो. खरे कारण तांत्रिक आहे. गंज मुळापासून घालवायचा असेल तर दिसणारा डाग आधी मोठा करावा लागतो, म्हणजे त्याच्या भोवतीचा चांगला, चकचकीत, कर्जाचे हप्ते फेडून मिळवलेला रंग स्वतःच्या हाताने खरवडून उघड्या पत्र्यापर्यंत जावे लागते. आणि नेमकी ही एक पायरी वगळून बाकीच्या सर्व पायऱ्या, त्याही दोन-दोनदा, करण्याची गृहस्थाश्रमी माणसाची तयारी असते.

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव गुजरातला इतके खेटून वसलेले आहे की १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी वाटणी झाली तेव्हा सीमारेषा येथील रेल्वे स्थानकातूनच गेली, आणि सुरत–भुसावळ मार्गावरील या स्थानकाच्या एका बाकावर अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत बसण्याची सोय झाली. गाड्यांची माहिती येथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत दिली जाते. गंजाच्या दृष्टीने या भौगोलिक स्थानाचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की खानदेशातील पुष्कळ तालुके आभाळाकडे डोळे लावून बसलेले असताना नवापूरचा डोंगराळ, वनराईचा पट्टा चांगलाच भिजतो, रंगावली नदी गावातून वाहते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत दाराशी उभी असलेली मोटार पूर्णपणे वाळल्याचा दिवस विरळा. दुसरा परिणाम अधिक गंभीर असून तो असा, की येथील मोटारमालकाला दोन राज्यांतून सल्ला मिळतो.

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी या तिघांच्या संयोगातून तयार होणारे जलयुक्त लोह-ऑक्साइड होय. यांपैकी एकाला जरी दूर ठेवले तरी गंज चढत नाही, आणि रंगाचे मुख्य काम शोभेचे नसून पत्र्याला हवापाण्यापासून तोडून ठेवण्याचे आहे. पाण्यात मीठ मिसळलेले असले की ही क्रिया झपाट्याने होते, आणि म्हणूनच सुरतेजवळच्या डुमसला समुद्र पाहण्याच्या निमित्ताने भजी खायला जाऊन आलेली, आणि 'उद्या धुऊ' या आश्वासनावर तशीच झाकून ठेवलेली मोटार पुढील काही वर्षांचे गंजकार्य एका रविवारात मार्गी लावते. कारखान्यातून निघताना पत्र्यावर प्रथम विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर असे थर असतात. परंतु या सर्वांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सातवा ते दहावा हिस्सा भरते. एवढ्या पातळ कवचाला महामार्गावरच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा पुरतो. खडा लागतो, टिचभर रंग उडतो, पाणी आत शिरते, आणि मग गंज आपला खरा स्वभाव दाखवतो: ज्या लोखंडापासून तो बनला त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्याला लागत असल्यामुळे तो शेजारचा रंग आतून उचलत आडवा पसरतो. वरून दिसतो तो केवळ एक फोड. आत काय चालले आहे हे पत्रा आणि परमेश्वर जाणतात.

डागाचा शोध मालकाला कधीच लागत नाही, हा या विषयातील पहिला सर्वमान्य निष्कर्ष आहे. रोज सकाळी मोटारीवर ओले फडके फिरवणाऱ्या माणसाचे डोळे त्या जागेवरून बरोबर घसरतात आणि शोध लावण्याचा मान भाच्याकडे, पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याकडे किंवा लग्नाला आलेल्या व्याह्यांकडे जातो. त्यानंतरचा संवाद ठरलेला असतो.

"काका, इथं गंज लागलाय."

"गंज नाही रे, चिखल आहे."

"काढून बघू?"

"राहू दे! धुतल्यावर निघेल."

भाचा नख लावतो, पापुद्रा निघतो आणि त्याखाली तपकिरी भुगा दिसतो. तरीही मालक हार मानत नाही. चिखल नसेल तर ते डांबर असते, डांबर नसेल तर मागच्या मालकाच्या काळातले काहीतरी असते, आणि मोटार पहिल्या मालकाचीच असेल तर ती शोरूममधूनच तशी आलेली असते. आपल्या पत्र्यात काही वावगे आहे ही गोष्ट मान्य करण्यास लागणारा काळ रक्तातील साखर मान्य करण्यास लागणाऱ्या काळाहून थोडा अधिक भरतो. मोटारीला पंधरा वर्षे पूर्ण होत आली आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती तपासणीस न्यावी लागणार हे लक्षात आले की मगच डागाला डाग म्हटले जाते. केंद्राने १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये केल्यापासून तर, एवढे पैसे भरायचेच आहेत तेव्हा रंगकाम घरी करून तेवढेच वाचवावे, असा विचार अनेक घरांत बळावला आहे.

विचार पक्का होताच सल्लागार जमतात. नवापूर हे कोंबड्यांच्या व्यवसायाचे गाव. २००६ च्या फेब्रुवारीत बर्ड फ्लूमुळे ते देशभर वर्तमानपत्रांत झळकले होते. पोल्ट्रीच्या शेडचे पत्रे रंगवण्याचा दीर्घ अनुभव असलेला एखादा गृहस्थ त्यामुळे प्रत्येक गल्लीत सापडतो आणि त्याचे निदान एका वाक्याचे असते: "सिल्व्हर मारा, वीस वर्षं बघायला नको." मोटार पांढरी आहे, असे त्याला सांगितले असता, "मग पूर्ण गाडीलाच मारा," असे तो सांगतो. सीमेपलीकडचा हार्डवेअर दुकानदार डागाचे मोबाइलवरील छायाचित्र पाहून "आ तो काट छे, भाई," असे म्हणतो आणि मालकाला उगाचच धीर येतो, कारण गुजरातीत ऐकल्यावर आजार थोडा कमी वाटतो.

सल्लागारांमध्ये सर्वाधिक वेळ घेणारा वर्ग निवृत्त शिक्षकांचा. विषय गंजाचा असला की हा वर्ग प्रथम दिल्लीला जातो. मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्याचे वजन सहा टनांहून अधिक आहे, आणि तरीही तो गंजून संपला नाही. याचे कारण जुन्या पद्धतीने बनवलेल्या त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक राहून गेले आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर एक संरक्षक फॉस्फेटचा थर बसला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. स्तंभाला पाठीमागून मिठी मारणाऱ्यांच्या प्रेमामुळे मात्र त्याची झीज होऊ लागल्याने १९९७ मध्ये त्याभोवती कुंपण घालावे लागले. हे सर्व ऐकताना मालक हातात पॉलिश पेपर घेऊन उभा असतो. व्याख्यान संपल्यावर, "मग सर, डागाला काय लावू?" असा त्याचा प्रश्न येतो, आणि सर म्हणतात, "ते आता या काळात शक्य नाही."

वस्तुतः सरांच्या व्याख्यानात उत्तर दडलेले असते. बाजारात गंजावर लावण्याचे जे औषध बाटलीतून मिळते त्यात बहुधा फॉस्फरिक आम्ल असते, आणि ते उरल्यासुरल्या गंजाचे लोह-फॉस्फेटमध्ये रूपांतर करते. ही तऱ्हा मेहरौलीच्याच घराण्यातली. हेच आम्ल अल्प प्रमाणात काळ्या कोल्ड्रिंकमध्येही असल्यामुळे, "कोल्ड्रिंक ओता, गंज पळतो," असे सांगणारा शेजारीही अगदीच चूक नसतो. फक्त त्यातली साखर मोटारीवर राहते, तिच्यावर मुंग्या येतात, आणि उरलेली बाटली त्याच शेजाऱ्याला प्यायला द्यावी लागते. उकळलेल्या चहाचा चोथा चोळण्याचा सल्ला देणाऱ्या मावशींनाही रसायनशास्त्र थोडेसे अनुकूल आहे, कारण चहात टॅनिन असते आणि काही गंजनाशकांत टॅनिक आम्लच वापरतात. असे सगळेच थोडेथोडे बरोबर असल्यामुळे मालक सगळ्यांचेच थोडेथोडे करतो, आणि डागावर एका आठवड्यात कोल्ड्रिंक, लिंबू, चिंच, चहा आणि रॉकेल यांचे लेप चढून त्या जागेला स्वयंपाकघराचा वास येऊ लागतो. गंज मात्र या पाहुणचाराने सुखावतो, कारण रॉकेल सोडले तर या प्रत्येक उपचारात पाणी होते.

त्यानंतर खरेदी. येथील माणूस पेट्रोल स्वस्त पडते म्हणून सीमा ओलांडून उच्छलकडे टाकी भरायला जाण्यास सरावलेला असल्याने रंगाच्या बाबतीतही पलीकडे स्वस्त असणार अशी त्याची पक्की समजूत असते, आणि वीस रुपयांचा पॉलिश पेपर सोनगडला दोन रुपयांनी कमी मिळतो हे कळल्यावर तो त्याच गंजक्या मोटारीतून तिकडे निघतो. 'हेच पाहिजे' म्हणून दुकानदाराला दाखवायला गंजनाशकाची जुनी बाटली सोबत घेतलेली असते. तिचे लेबल आम्लाने खाल्लेले, आत तळाशी पाण्यासारखे काहीतरी. गुजरातेत राज्यनिर्मितीपासून दारूबंदी असल्याकारणाने सीमेवर अशा बाटलीविषयी स्वाभाविक जिज्ञासा निर्माण होते.

"इसमें क्या है?"

"साब, जंग निकालने की दवा है."

"किसका जंग?"

"गाडी का."

जिज्ञासूने बाटली नाकाशी नेऊन लगेच दूर धरली, तर संशय फिटतो आणि पुढची पंधरा मिनिटे त्याच्या स्वतःच्या स्कूटरच्या फूटबोर्डला लागलेल्या गंजावर चर्चा होते. गंज हा दोन्ही राज्यांना जोडणारा एक समान विषय आहे, याकडे राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पॉलिश पेपरच्या क्रमांकांचा नियम उलटा असतो: क्रमांक जितका लहान तितका दाणा जाड आणि घासणे आक्रमक, क्रमांक जितका मोठा तितका दाणा बारीक. गंज खरवडायला ८० किंवा १२० क्रमांकाचा कागद लागतो, मग ओरखडे मिटवत २२०, ३२०, ४०० असे चढत जावे लागते, आणि १५०० किंवा २००० क्रमांकाचा कागद रंग वाळल्यानंतर शेवटची चमक काढण्यासाठी पाण्याबरोबर वापरतात. गृहस्थाश्रमी मालक सुरुवात २००० पासून करतो. "उगीच ओरखडे नकोत," असे तो दुकानदाराला सांगतो, आणि घरी येऊन त्या रेशमी कागदाने तासभर घासून तो गंजाला उत्तम पॉलिश करतो. सायंकाळच्या उन्हात तपकिरी डाग लखलखू लागतो. हा टप्पा या लेखाच्या मूळ सिद्धान्ताचा सर्वांत ठळक पुरावा होय, कारण येथे मालकाने कष्ट, वेळ आणि पैसा यांपैकी कशातच काटकसर केलेली नसते. फक्त डाग मोठा होऊ दिलेला नसतो.

शेवटी कोणीतरी, बहुधा घरी नळ दुरुस्त करायला आलेला आणि विषयाशी संबंध नसलेला मनुष्य, ८० क्रमांकाचा कागद घेऊन चार हात मारतो आणि सत्य बाहेर येते. रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो, बशीचे ताट होते, रंग कडेने पोपड्यांनी सुटू लागतो, आणि चांगला रंग कोठे सुरू होतो ते पाहण्यासाठी मालकाने स्क्रू ड्रायव्हरचे टोक हलकेच टेकवताच ते आरपार जाते. मोटारीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि गंजाने तो आतल्या बाजूने केव्हाच संपवलेला असतो; बाहेर उरलेला असतो तो रंग, आणि तोच इतकी वर्षे दाराचे काम करीत होता. या प्रसंगी घरातून जो संवाद ऐकू येतो त्यात सर्व शास्त्र सामावलेले आहे.

"अहो, एवढाच होता ना डाग?"

"आतून होता."

"मग आतच राहू द्यायचा होता."

भोक पडल्यावर नियमाप्रमाणे खराब पत्रा कापून नवा तुकडा झाळावा लागतो, आणि ते घरचे काम नव्हे. परंतु घरकाम करणाऱ्याच्या हाताशी लांबी असते. लांबी म्हणजे पत्र्यावरचे खळगे भरण्याचा पॉलिएस्टरचा लगदा. त्यात शंभर भागांना सुमारे दोन भाग या प्रमाणात हार्डनर, म्हणजे तो कडक करणारे द्रव्य, मिसळावे लागते आणि मिसळल्यापासून काही मिनिटांत तो लावून मोकळे व्हावे लागते. मे महिन्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, 'थोडा जास्त घालू, म्हणजे मजबूत होईल' या विचाराने हार्डनर दुप्पट घातला असता लांबी डब्याच्या झाकणावर, लावायच्या पट्टीवर आणि बोटांवर अत्यंत मजबूत बसते. दुसऱ्या वेळी भीतीने हार्डनर कमी पडतो, आणि ती लांबी दिवाळीपर्यंत ओली राहते. शिवाय लांबी पाणी शोषते, त्यामुळे गंज न काढता वरून थापलेली लांबी हे झाकण नसून ओलावा धरून ठेवण्याची सोय असते, ही गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात छापलेली असते आणि डब्याचा तो भाग हमखास लांबीने भरलेला असतो. जुनी मोटार घ्यायला येणारे अनुभवी लोक म्हणूनच खिशात लोहचुंबक बाळगतात. पत्र्याला तो चिकटतो, लांबीवरून घसरतो. एका दारावर चुंबक कुठेच चिकटेना तेव्हा, "हे दार ॲल्युमिनियमचं आहे," असे उत्तर देणारा विक्रेता या परिसरात दंतकथेचा विषय झाला आहे.

लांबी घासून सपाट झाली, किंवा सपाट झाली असे ठरले, की अस्तराची पाळी येते. एके काळी पूल, जहाजे आणि रेल्वेचे सांगाडे यांना गंजापासून वाचवण्यासाठी पहिला हात शेंदराचा देत असत. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. मारुतीला लावतात तोच, आणि त्याच्या विषारीपणामुळे आता या कामातून तो जवळजवळ गेला आहे. त्याच्या जागी आलेल्या तांबड्या प्रायमरला 'रेड ऑक्साइड' म्हणतात, आणि त्याचा तांबडा रंग लोह-ऑक्साइडचा असतो, म्हणजे गंजाच्याच निर्जल चुलतभावाचा. एक ऑक्साइड घासून काढण्यासाठी एवढा खटाटोप करून त्या जागी त्याच कुळातले दुसरे ऑक्साइड पैसे देऊन विकत आणून लावायचे, हा व्यवहार रसायनशास्त्राला निर्दोष वाटतो. पाहणाऱ्याला मात्र डाग चौपट झालेला दिसतो. "वाढलं की हो!" असे म्हणणाऱ्याला मालक ताठ मानेने सांगतो, "प्रायमर आहे तो." येथून पुढे त्याची प्रतिष्ठा वाढते, कारण ज्याच्या मोटारीवर गंज आहे तो निष्काळजी आणि ज्याच्या मोटारीवर प्रायमर आहे तो कामात असलेला माणूस, असा समाजाचा दंडक आहे. रंग सुरतेहून यायचा असतो. या अवस्थेत मोटारी महिनोन्महिने सुखाने फिरतात. पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यालाही दर सात-एक वर्षांनी सुमारे ६० टन रंग द्यावा लागतो, मग आपल्याला कसली घाई, असा युक्तिवादही ऐकू आलेला आहे.

रंग येतो तेव्हा तो पांढरा असतो, आणि खरी फसगत येथेच आहे. नोंदणीच्या पुस्तकात 'पांढरा' एवढेच लिहिलेले असते; कोणता पांढरा, हे मोटारीवरील एका लहानशा पट्टीवर रंगसंकेताच्या रूपाने दिलेले असते आणि तो संकेत वाचून रंग बनवून घ्यावा लागतो. मारुतीच्या मोटारींवर दिसणाऱ्या एका पांढऱ्याचे नाव 'सुपीरिअर व्हाइट' असे आहे. पण संकेत अचूक जुळला तरी तो मोटारीच्या जन्मदिवशीचा पांढरा असतो, आणि मधल्या पंधरा वर्षांच्या उन्हाने मूळ पांढऱ्याला पिवळसर पोक्तपणा आलेला असतो. परिणामी डाग झाकला जातो आणि उरलेली मोटार डागाळलेली दिसू लागते. संकेत न पाहता 'पांढरा म्हणजे पांढराच' या तत्त्वावर ग्रिलच्या दरवाजासाठी आणलेला उरलेला रंग वापरणाऱ्यांचा एक स्वतंत्र पंथ आहे. त्यांच्या मोटारी दुरून ओळखू येतात आणि अंधारात चुकत नाहीत.

फवाऱ्याचा डबा वीसेक सेंटिमीटर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून, पातळ थरांनी मारावा आणि प्रत्येक थर वाळू द्यावा, अशी पद्धत आहे. हवेत दमटपणा असला तर ओल्या रंगावर धुरकट पांढरेपणा येतो. वारा असला तर रंग मोटार सोडून इतरत्र जातो. आणि जवळून मारला तर तो ओघळतो. पावसाळा दमट म्हणून, हिवाळा लग्नाचा म्हणून टाळला जातो आणि मुहूर्त उन्हाळ्यावर येतो, ज्या काळात खानदेशातील घरोघरी गच्चीवर, अंगणात आणि रिकाम्या खाटेवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत असतात. काचांना जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवून, चाकावर गोणपाट टाकून, नाकाला रुमाल बांधून मालक डबा हलवतो, आत गोळी खडखडते, गल्लीतली मुले गोळा होतात आणि त्याच क्षणी वारा सुटतो. सायंकाळी शेजारच्या वहिनी कुंपणापाशी येऊन अत्यंत सौम्यपणे विचारतात,

"भाऊ, आमच्या बिबड्या यंदा जरा जास्तच पांढऱ्या वाटतात का हो?"

या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. त्या वर्षी त्या घरच्या बिबड्या मालकाच्या घरी भेट म्हणून येतात आणि तळून खाव्या लागतात, असे म्हणतात. रंग ओला असतानाच त्यावर चिकटलेले चिलट, कडुनिंबाचे पान आणि एका मुलाने 'वाळला का' हे पाहण्यासाठी टेकवलेले बोट यांचे ठसे मात्र कायमचे राहतात, आणि मग त्यांवर एक स्टिकर येतो. नवापुरातील मोटारींच्या मागच्या चाकाच्या वर, अगदी अनपेक्षित जागी, वाकडी लावलेली देवाची किंवा वाघाची चित्रे दिसली तर ती श्रद्धेची किंवा शौर्याची निदर्शक समजण्याची घाई करू नये.

एवढे सर्व झाल्यावर मोटार धुऊनपुसून नंदुरबारच्या परिवहन कार्यालयात तपासणीसाठी नेली जाते. मालक मोटार अशा कोनात उभी करतो की रंगवलेली बाजू भिंतीकडे राहावी. तपासणी करणारा अधिकारी दिवे लावून पाहतो, हॉर्न वाजवायला सांगतो, टायर पाहतो आणि त्या दाराकडे एकदाही पाहत नाही. त्याला हवा असतो तो पत्र्यात कोरलेला चेसिस क्रमांक, ज्याचा पेन्सिलने कागदावर ठसा घ्यावा लागतो. बोनेट उघडले जाते. क्रमांकाच्या जागी तपकिरी पापुद्रे असतात आणि त्यांतून पाच आहे की सहा, हे लागत नाही.

"हे घासलं नाही का कधी?"

"साहेब, ते दिसत नव्हतं."

चेसिस क्रमांक वाचता न येणे ही दाराच्या डागाहून पुष्कळ मोठी अडचण असते, कारण तो परत कोरून घ्यायचा तर त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागते. तेव्हा ज्यांच्या मोटारी अजून पंधरा वर्षांच्या झालेल्या नाहीत त्यांनी (गंजावर लिहिणाऱ्यांच्या मोटारींकडे न पाहता) दोन गोष्टी कराव्यात. बोनेट उघडून चेसिस क्रमांकाची जागा पुसून त्यावर ग्रीसचा पातळ हात द्यावा. आणि प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाण्याच्या निचऱ्यासाठी कारखान्यानेच ठेवलेली लहान भोके असतात ती बसून, वाकून शोधावीत. काचेवरून दारात उतरलेले पावसाचे पाणी त्याच वाटेने बाहेर जाते आणि भोक चिखलाने बुजले की ते आत साचून पत्रा खालून कुजतो. भोके मोकळी करायला झाडूची एक काडी पुरते, आणि ती जूनच्या आधी फिरवावी. भोके दिसली म्हणून त्यांत लांबी भरू नये.